झग्याच्या काखेतलं ठिगळ

धानोरा,
दि. २० एप्रिल २०२६

ति. अक्का हिस,
रामसिंगचा प्रभूच्या नावाने अनेक सलाम. वि. वि.

तुझा फोन लागत नाही. ममताला विचारलं, तर म्हणाली आईने फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय आणि रोज भात करताना तो बाजूला सारून तांदूळ घेते. म्हणून हे पत्र. मुलीच्या घरी तुझं मन रमतं का? जावईबापूंना फार बोलू नकोस. तुझ्या जिभेपुढे नंदुरबारच्या बाजारातली मिरचीसुद्धा गुळमाट लागते, हे त्यांना लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

इकडचं सांगतो. दाजी गेल्यापासून मंडळीला पाळक नाही. महिन्यातून एकदा नंदुरबारहून एक पाळक येतात, प्रभुभोजन देतात आणि लगेच मोटारसायकलला किक मारतात. बाकीच्या रविवारी शास्त्रपाठ आणि प्रार्थना मी घेतो. आशीर्वाद मात्र देत नाही. मी नुसता मंडळीने निवडलेला वडील. हात वर करून मंडळीला आशीर्वाद द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकाचा. मग शेवटी मी हात जोडतो, आमेन म्हणतो आणि सगळे नुसते उभे राहतात. आपल्या लोकांची सवय तुला ठाऊकच आहे, पाळकाचे हात खाली आल्याशिवाय कोणी पाठ फिरवत नाही. आता हात वरच जात नाहीत, तर निघायचं कधी हे कोणाला समजत नाही. नवनीतची आई एकदा दुपारपर्यंत बाकाला धरून उभी होती. असं दर रविवारी होतं, म्हणून काही घरं यायचीच बंद झाली. ईस्टरला अर्धं चर्च रिकामं होतं.

म्हणून तरुणांनी ठरवलंय की १४ मेच्या गुरुवारी, स्वर्गारोहणाच्या दिवशी, चर्चमागच्या शेतात देखावा करायचा. नवनीत त्याचा जेसीबी देतोय. ख्रिस्त बकेटमध्ये उभा राहील आणि हळूहळू वर जाईल. खाली कापसाचे ढग. ख्रिस्त म्हणून त्यांनी मला निवडलंय. मी नाही म्हणून पाहिलं, पण उंचीला न घाबरणारा दुसरा कोणी मिळाला नाही.

दोन विनंत्या आहेत. दाजींचा पांढरा झगा त्या दिवसापुरता पाठव. आणि तू ये. पहिल्या बाकावरची तुझी जागा कोणी घेत नाही, सगळे तिच्या मागे बसतात.

तुझी माया आजवर मिळत आली तशीच मिळत राहो, रागासकट.

तुझा धाकटा भाऊ,
रामसिंग


कोरीट,
दि. २५ एप्रिल २०२६

चि. रामसिंग यास,
सलाम. इथे अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे, ठाऊक आहे मला. लिहीत नाही. माझ्याकडे शिल्लक नाहीत.

तुझं पत्र ममताने मोठ्याने वाचून दाखवलं आणि जेसीबीपाशी येऊन तिला पुढे वाचवेना, इतकी हसली. मी नाही हसले. अरे, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? नवनीतच्या त्या यंत्राने काल गटार उपसलं असेल, परवा कोणाची मेलेली म्हैस पुरली असेल, आणि त्याच बकेटमधून जगाचा तारणारा वर जाणार! आणि तारणारा कोण, तर तू. आधी तुझं पोट स्वर्गात पोहोचेल, मग मागून तू. उंचीला घाबरत नाही म्हणे. लहानपणी आंब्यावर चढून रडायचास, तेव्हा खाली कोण उतरवायचं, विसरलास? आधीच आपल्या मंडळीला गावात मान केवढा, त्यात हे हात दाखवून अवलक्षण.

आणि सणाचंच म्हणशील, तर मला तो कधी उमगला नाही. जन्माचा आनंद समजतो. मेल्याचं रडू समजतं. उठला, त्याचा आनंद तर होणारच. पण गेला, त्याचा कसला आनंद? घरातला माणूस निघून गेला तर आपण दारात बसून राहतो. ते अकरा शिष्य मात्र डोंगरावर त्याला घालवून मोठ्या आनंदाने शहरात परतले आणि रोज मंदिरात जाऊन देवाची स्तुती करत बसले, असं शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. तुझे दाजी दरवर्षी ते वाचताना तिथेच थांबायचे आणि स्वतःशी हसायचे. मी विचारलं की म्हणायचे, रेवा, तुलाही समजेल. डोंबल समजलं.

उलट जानेवारीपासून तर मला त्या अकरा जणांचा रागच येतो. तू होतास तिथे. यांनी हात वर केले, नेहमीसारखं आपल्या बोलीत सुरू केलं. देव तुमले सांभाळो. तुमना चुल्हा पेटता ऱ्हावो. तुमना मनमा... आणि पडले. तीस वर्षं दर रविवारी तीच तीन वाक्यं, लहान पोरालाही पाठ. पुढचा शब्द आनंद होता. तेवढाच राहिला. देवाला एवढी कसली घाई झाली होती रे? एवढं एक वाक्य पुरं होईपर्यंत थांबला असता, तर त्याचं काय बिघडलं असतं? आणि वर तुम्ही सगळे माझ्याकडे येऊन म्हणालात, देवाची इच्छा. इच्छा! म्हणूनच फोन तांदळात आहे.

झगा मिळणार नाही. त्याच्या दोन्ही काखांत ठिगळं आहेत, माझ्या हातची. हात वर करणाऱ्या माणसाचा झगा तिथेच फाटतो, दुसरीकडे कुठेच नाही. आशीर्वादाच्या वेळी तुम्ही सगळे डोळे मिटायचात. मी नाही मिटले कधी. माझी शिवण टिकली की नाही ते बघायची. तुला चादर पुरेल.

आणि एवढं मात्र सांग, चर्चमध्ये हात वर करायचा तुला अधिकार नाही, मग बकेटमध्ये तो कुठून आला? दीक्षा जेसीबीची झाली का?

लोभ वगैरे मागू नकोस. सध्या रागावर भागव.

अक्का


धानोरा,
दि. १ मे २०२६

ति. अक्का हिस,
अनेक सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं. आशीर्वाद नाही लिहिलास, ते तीनतीनदा वाचलं. चालेल. रागावर भागवतोय.

तू विचारलंस ते बरोबर आहे. मीही पोरांना तेच म्हटलं. त्यावर असं ठरलं की बकेटमध्ये हात वर करायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. हात देखाव्याचे, शब्द पाळकाचे. शब्द मी नाही म्हणणार, अक्का. शब्द दाजींचे होते. चर्चमध्ये उभं राहिलं की अजूनही त्या जागेवर पाय ठेवत नाही मी, जरा बाजूला उभा राहतो.

चादरीचं झालं असं की घरात पांढरी चादर एकच आणि तिच्यावर निळी फुलं आहेत. तुझी भावजय म्हणते लांबून दिसणार नाहीत. कापूस तुझ्या नावाच्या त्या दुसऱ्या रेवाबाईच्या घरून आलाय. सरकी काढलेली नाही, त्यामुळे ढग जरा जड आहेत.

काल रंगीत तालीम झाली. तिथे एक अडचण आली, आणि पाळकाची बायको म्हणून तुलाच विचारतो. नवनीतने विचारलं, हात कितव्या फुटाला खाली आणायचे? म्हणून मी शास्त्र काढलं. तो त्यांना गावाबाहेर घेऊन गेला, हात वर केले, आशीर्वाद दिला, आणि देता देताच त्यांच्यापासून वेगळा झाला, एवढं आहे. हात खाली कधी आणले, ते कुठेच सापडलं नाही. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. तुला माहीत असेल तर कळव, कारण माझे खांदे फार दुखतात. तालमीत नवनीत बकेट वर नेतो आणि चहा प्यायला जातो.

तू येशील या आशेवर पहिला बाक पुसून ठेवतोय. शेतात बाक नेणार आहोत.

तुझ्या कडू बोलण्यावर वाढलेला,
रामसिंग


कोरीट,
दि. ७ मे २०२६

चि. रामसिंग यास,
सलाम.

निळ्या फुलांचा ख्रिस्त! आणि सरकीचे ढग! स्वर्गातल्या दूतांना आता पेंडही मिळेल. तुझ्या बायकोला सांग, लांबून तिची अक्कलसुद्धा दिसत नाही.

हातांचं म्हणशील, तर मला काय विचारतोस? लिहिलेलं नसेल तर लिहिणारा विसरला असेल. म्हातारी माणसं विसरतात. नाहीतर तुझ्या खांद्यांना विचार, ते सांगतील केव्हा आणायचे.

तुझे दाजी मात्र पडले तेव्हाही हात वरच होते, हे तुझ्या ध्यानात आहे का? तू धावत आलास आणि पहिलं काम काय केलंस, तर ते खाली ओढून छातीवर ठेवलेस. मग पेटीतही तसेच गेले, घडी घातलेल्या टॉवेलासारखे. तू चांगल्या मनाने केलंस. मला नव्हतं आवडलं. आजही आवडत नाही. पण मयताच्या घरात बायकोला कोण विचारतं!

मी येणार नाही. ममता रोज मागे लागते, तिला म्हटलं तू जा आणि फोटो काढ, म्हातारपणी बघून हसायला होतील. आलेच तर तुमची फजिती बघायला येईन, उपासनेला नाही. बाक पुसत बसू नकोस, कमरेत भरेल.

बाकी ठीक. उन्हात फार हिंडू नकोस.

अक्का


कोरीट,
दि. १६ मे २०२६

चि. रामसिंग यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो, लिहिले. नीट वाच आणि डोळे पूस, ही पहिली ओळ मी सोडून देणार नाही. आणखीही लिहायचंय. गुरुवारी तू वर होतास, मी खाली होते, आणि तू उतरायच्या आत मी एसटीत बसले. खालून काय दिसलं ते तुला दुसरं कोणी नीट सांगणार नाही. ममताने फोटो काढले, पण त्यात सगळीकडे कापूसच आहे.

मी आले ती फजिती बघायला, हे पुन्हा सांगते. झगा पिशवीत होता तो काही तुला द्यायला नव्हे. उन्हाळ्यात कपड्यांना कसर लागते, जरा हवा लागावी म्हणून आणला. पण तू त्या निळ्या फुलांत गुंडाळून जेसीबीशेजारी उभा होतास, आणि तुझ्या बायकोच्या हातात आणखी दोन सेफ्टी पिना होत्या. रामसिंग, ते बघवलं नाही मला. म्हणून झगा तुझ्या अंगावर फेकला. लोकांना वाटलं विधवेचा केवढा मोठेपणा. कसला मोठेपणा, नुसती किळस आली मला त्या चादरीची.

मग तू वर गेलास. ढोल वाजत होते, पोरी गात होत्या, आणि तेवढ्यात वारा सुटला. रेवाबाईचा सगळा कापूस उडून मंडळीच्या तोंडात. गाणं थांबलं, सगळे थुंकायला लागले. मी मनात म्हटलं, व्वा! हे खरं स्वर्गारोहण, देव वर आणि भक्त खाली थुंकतायत. तेवढ्यात घर्रर्र करून नवनीतचं इंजिन बंद पडलं. तो ओरडला की कोणी दांड्याला हात लावू नका, बकेट एकदम खाली येईल, आणि मिस्तरीला आणायला पळाला. तू तसाच वर, चर्चच्या कौलांहून उंच. हात वर. तोंड बंद. तू घाबरून हात खाली आणायचे विसरलास, की शास्त्रात नाही म्हणून आणले नाहीस, हे एकदा मला समोरासमोर सांग.

सुरुवातीला लोक हसले. मी तर फार हसले, जानेवारीनंतर पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत. मग हसणं संपलं आणि ऊन लागायला लागलं. पण एक माणूस हलेना. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे माना वर करून तुझ्याकडे बघत उभे. माझं डोकं सणकलं. मी बाकावर चढले आणि ओरडले की वर काय देखी ऱ्हायनात? घरी चुली नाहीत का कोणाला? वर बघून तो खाली येणार आहे का? बोलून गेले आणि माझंच मला ध्यानात आलं की डोंगरावर त्या अकरा जणांना दूतांनी असंच काहीसं झापलं होतं. तेही असेच उभे असतील, येड्यासारखे.

तर नवनीतची आई माझ्यावरच डाफरली. म्हणाली, पाळकीणबाई, तुम्हीच असं बोलायचं का? हात अजून वर आहेत, आशीर्वाद चालू आहे, पाठ कशी फिरवायची?

तिला खडसवायला म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं, की तो आशीर्वाद नाही, तो माझा अडकलेला भाऊ आहे. बोट दाखवलं म्हणून वर पाहिलं. आणि मला ठिगळं दिसली.

दोन्ही काखांतली, माझी. डावं जरा वाकडं, कारण ते लावलं तेव्हा ममताला ताप होता. ती ठिगळं नुसत्या टांगलेल्या झग्यात दिसत नाहीत, घडी घातलेल्यातही नाही. हात वर असले तरच दिसतात. चार महिने मी तो झगा मांडीवर घेऊन बसले, पण ती दिसली ती काल-परवाच. मी बाकावर तशीच उभी राहिले.

तुझं ते म्हणणं आठवलं, की हात खाली कधी आणले ते सापडत नाही. अरे माठ्या, सापडणार कसं? आणलेच नाहीत त्याने. आशीर्वाद पुरा करून, हात झटकून गेला असता तर तो तिथेच संपला असता, आणि आपण रविवारसारखे चपला शोधत घरी गेलो असतो. तो देता देताच गेला. म्हणजे तिकडेही तो तेच करत उभा आहे. आपल्यासारख्याच अंगाचा माणूस, खिळ्यांची भोकं अजून तशीच, आणि देवाच्या शेजारी उभा राहून आपल्यावर हात धरून आहे. घरचा माणूस एवढ्या वर बसलाय आणि आपल्याला विसरलेला नाही, मग कोण रडेल? म्हणून ते अकरा येडे आनंदाने परतले आणि रोज मंदिरात जाऊन बसले. ज्याच्यावर हात धरलेला आहे त्याने आणखी दुसरं काय करायचं? दाजी तिथेच थांबून का हसायचे, ते मला एका बंद पडलेल्या जेसीबीखाली समजलं. त्यांनी मला एवढी वर्षं सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण नाही. हसायचं नुसतं.

आणि यांचे हात तू खाली आणलेस, रामसिंग. यांनी नाही आणले. एवढं मला मनाशी धरून ठेवायचं होतं, ते आता ठेवते. वाक्य अर्धं राहिलं म्हणून मी देवाशी भांडत बसले होते. भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, काही गोष्टी मी त्याला तोंडावर विचारणार आहे. पण अर्धं राहिलेलं वाक्य तुटलेलं नव्हतं, एवढं मला मान्य आहे.

मग मी जे केलं ते तू वरून ऐकलंस. तू तर ठरल्याप्रमाणे तोंडाला कुलूप लावून होतास आणि खाली लोक उन्हाने पडायला आले होते. कोणीतरी म्हणायला हवंच होतं. मला दीक्षा नाही, अधिकार नाही, वर बाईमाणूस. नंदुरबारच्या पाळकांना काय सांगायचं ते सांग. मी म्हटलं, देव तुमले सांभाळो. तुमना चुल्हा पेटता ऱ्हावो. तुमना मनमा... आणि तिथे माझाही आवाज गेला. माझ्या तोंडात कापूस होता, तो थुंकले आणि म्हटलं, आनंद ऱ्हावो.

आमेन एवढ्या जोरात झालं की मिस्तरी घेऊन येणारा नवनीत वाटेत थबकला, म्हणे बकेट पडली की काय. मग ढोल सुरू झाले. नवनीतच्या आईने, जिला नीट चालता येत नाही, माझा हात धरून मला नाचवलं. मी नाचले, रामसिंग. चौसष्टाव्या वर्षी, सुतकाच्या वर्षात, जेसीबीखाली. गाव बघायला जमा झालं होतं, आणि आपली लाज काढायची राहिली होती ती मी काढली. म्हणूनच एसटी धरून पळाले. वाटेत ममता विचारत होती, आई, कापूस डोळ्यांत गेला का? मी म्हटलं, हो.

आता शेवटचं, आणि यावर उलट उत्तर नको. २४ तारखेच्या रविवारी मी येते आहे. माझी जागा तशीच ठेव. शेवटी तू दाजींच्या जागेवर उभा राहायचं, बाजूला नाही, आणि हात वर करायचे. अधिकाराचं मी बघून घेईन. हात तुझे नसतातच, एवढं त्या गुरुवारी तुझ्यासारख्यावरूनही दिसलं. शब्द अडला तर पहिल्या बाकावरून मी सांगते.

झगा तुझ्याकडेच राहू दे. अंगावर चढवताना तुझ्या बायकोने ओढला असणार, डाव्या काखेत उसवल्याचं ममताच्या एका फोटोत कापसाआडूनही दिसतंय. येताना सुईदोरा आणते. फाटला तर फाटू दे दर रविवारी, मी शिवत जाईन. तू हात खाली आणू नकोस.

फोन तांदळातून काढलाय. किडे झाले होते.

तुझी
अक्का